फाईल सापडली तेव्हाची दहा मिनिटं

महाड स्टँडवर पोलादपूरची गाडी लागली आणि मी धावत चढले, तेव्हा एकच सीट रिकामी होती. रिकामी म्हणजे – तिथं गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी बसलं होतं. खिडकीजवळच्या मुलाच्या मांडीवरही तसंच दुसरं.

"हे तुमचं आहे?" मी विचारलं.

"हो... सॉरी हं." त्यानं घाईघाईनं ते सीटवरचं गाठोडंही मांडीवर घेतलं. आता गाठोड्यांच्या वर त्याचे फक्त डोळे दिसत होते. काळेभोर, आणि बरेच ओशाळलेले.

कंडक्टर आला, दोन्ही गाठोडी निरखत म्हणाला, "ह्या दोघांची अर्धी तिकिटं काढायची काय?"

मी हसले. तोही हसला – आणि त्या हसण्यात वरची गोधडी घसरली. आत कॉम्प्युटरचा डबा होता, आणि डब्यावर एका गोल पोटाच्या पेंग्विनचं स्टिकर.

"लिनक्स?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू परक्या गावात कुणीतरी त्याला घरच्या नावानं हाक मारली होती.

"तुम्हाला येतं?"

"येतं म्हणजे... मासिकाबरोबर सीडी आली होती. घरी टाकून पाहिलं. पाच वर्षं त्याच्यावरच खेळतेय. अम्मीला अजून वाटतं, मी चांगला कॉम्प्युटर बिघडवला."

ते २००६ सालचे नोव्हेंबरचे दिवस होते. ईद नुकतीच झाली होती. मी, सुम्बुल, तेवीस वर्षांची. अब्बा कुवेतला, मी आणि अम्मी महाडात. मुंबईत खालाकडे राहून बी.एस्सी. केलं होतं आणि रोज पोलादपूरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला जात होते. शिकवत काय होते? पोरांना पडद्यावर घर, डोंगर आणि सूर्य काढायला! खरं काही करावं असं फार वाटायचं, पण ते खरं म्हणजे काय, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

त्याचं नाव उझैर. पोलादपूरला हायवेच्या कडेला तय्यबचाचांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं, त्यांचा हा मुलगा. पुण्यात दोन वर्षं नोकरी करून परत आला होता.

"कुडपणच्या खालच्या खोऱ्यात एक बंधारा आहे," तो सांगायला लागला. "त्याला चाळीस फुटी लोखंडी दरवाजा. एवढा लांब दरवाजा दोन्ही टोकांना एकदम उचलावा लागतो. एक टोक जरा पुढं गेलं, की तिरका होऊन खाचेत अडकतो. पूर्वी दोन्ही टोकांना जोडणारा दांडा होता. गेल्या वर्षीच्या पुरात ओंडके आले, दांडा वाकला... दरवाजा तिरका अडकला. खालच्या वाडीची सगळी लावणी गेली."

"मग आता?"

"आता दोन टोकांना दोन मोटरी. दोघींना एकेक कॉम्प्युटर. मध्ये एक केबल. दोघांनी सेकंदाला हजार वेळा एकमेकांना सांगायचं, मी इथं आहे, तू कुठं आहेस? म्हणजे दोन्ही हात कसे एकदम वर जातील... असे –"

त्यानं खरंच दोन्ही हात वर केले. वरचा डबा सुटला. मी झटकन धरला, आणि त्यानंही. डब्याखाली आमची बोटं एकमेकांवर पडली... दोघांनीही ती लगेच काढून घेतली नाहीत. डबा पडला असता ना!

"मग अडलंय कुठं?" मी खिडकीबाहेर बघत विचारलं.

त्यानं शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर छापलेली ओळ मला पाठ होती. जगातल्या कितीतरी लोकांना पाठ असेल. नो सच फाईल ऑर डिरेक्टरी. अशी फाईलच नाही.

"साधं नेटवर्क चालत नाही," तो म्हणाला. "ते निरोप पोचवतं, पण त्याला सवड होईल तेव्हा. मला वेळेवरच पोचवणारं हवंय. तसलं लिनक्सचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण ते आपण आपल्या मशिनवर कंपाइल करून घ्यायचं. दोन आठवडे करतोय. हेडर फाईल सापडत नाही म्हणतं."

कंपाइल करणं म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम मशिनच्या भाषेत उतरवणं. आणि हेडर फाईल म्हणजे तोंडओळख. प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं – अमुक फाईल आधी वाच, पुढं कोणकोण येणार, कोण काय मागणार, कोण काय देणार ते तिच्यात आहे. ती मिळाली नाही, की मशिन पहिल्याच ओळीला हातपाय गाळतं.

पोलादपूर आलं. त्याचा एक डबा मी उचलला. "रविवारी क्लासला सुट्टी असते," मी म्हणाले. आणि मग माझ्याच धिटाईनं मला घाम फुटला.

रविवारी वर्कशॉपमध्ये उझैरची धाकटी बहीण उझ्मा कॉलेजचं जर्नल घेऊन दारातच बसली होती. आम्हा दोघांवर लक्ष ठेवायला तिच्या अम्मीनं बसवलंय, असं तिनंच मला आल्या आल्या सांगून टाकलं.

मी पडद्यासमोर बसले. उझैरनं काय केलं होतं, ते पाहिलं आणि डोक्याला हात लावला. जी फाईल सापडत नाही, ती तो दुसऱ्याच कुठल्या सीडीवरून उचलून आणून तिथं ठेवत होता. मग पुढची. मग तिच्या पुढची.

"आधी किती चुका होत्या?"

"एक."

"आणि आता?"

"दोनशे चौदा."

"कुणाच्याही घरची फाईल आणून ठेवलीत तर आणखी काय होणार? फाईल हरवलेली नाहीये हो. ती ह्याच डिस्कवर आहे. तुम्ही मशिनला भलत्याच खोलीत शोधायला पाठवताय."

मी त्याचं सगळं उसनं सामान पुसून टाकलं. मग अख्खी डिस्क धुंडाळायला लावली. पंखा घरघरला, दिवा लुकलुकला... आणि एक ओळ उमटली. फाईल होती! तिच्या जागेवर, शहाण्यासारखी. मी तिचा पत्ता सॉफ्टवेअरला नीट लिहून दिला आणि पुन्हा कंपाइलला लावलं. पडद्यावरून ओळींमागून ओळी वर सरकू लागल्या.

"अरे..." उझैर एवढंच म्हणाला. पडद्याचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर सरकत होता. मग पाचव्या मिनिटाला सगळं थांबलं. दुसरीच फाईल सापडत नव्हती.

"दादा," उझ्मा दारातून म्हणाली, "तुला दुःख झालं का आनंद, ते कळेना. तोंड तर आनंदाचं दिसतंय."

त्यानंतर रोजचंच झालं. क्लास दोनला सुटायचा, माझी परतीची गाडी पाचला. मधले तीन तास वर्कशॉपमध्ये. बाहेर वेल्डिंगच्या ठिणग्या, आत आम्ही. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो नुसता डिस्कवर असून चालत नाही, आधी त्याची मांडणी करून घ्यावी लागते, तेव्हाच काही फाईली आपल्या जागी येतात. हे कळायला चार दिवस गेले. सकाळी महाडच्या सायबर कॅफेत बसून मी ह्याच सॉफ्टवेअरशी झगडलेल्या जर्मनीतल्या कुणाकुणाची इंटरनेटवरची जुनी पत्रं छापून आणायची. दुपारी दोघं मिळून वाचायचो. एकाच कागदावर दोन डोकी. कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, समजलंच नाही.

"तू अडलीस की खालचा ओठ चावतेस," तो एकदा म्हणाला.

"आणि तू अडलास की?"

"मी... तुझ्याकडे बघतो."

उझ्मानं जर्नलचं पान जोरात उलटलं.

एका शुक्रवारी, नमाजनंतर, तय्यबचाचा मला म्हणाले, "कागदावर काय बघतेस गो? चल, दरवाजा बघ."

जीपनं आम्ही खोऱ्यात गेलो. डोंगरउतारावरचं गवत सोनेरी पडलं होतं, आणि बंधाऱ्यामागं हिरवं, गप्प पाणी थेट कड्यापर्यंत साठलेलं. दोन्ही काठांना जोडणारी लोखंडी वाट पुरानं नेली होती. पलीकडं जायचं तर खालच्या साकवावरून वळसा – वीस मिनिटं. दोन्ही टोकांना माणसाच्या छातीएवढं एकेक चाक. ह्या काठाच्या चाकावर तय्यबचाचा उभे राहिले. पलीकडच्या चाकावर गणूकाका. तीस वर्षांचे जोडीदार.

चाचांनी हात वर केला. पलीकडं हात वर झाला. आणि चाकं फिरायला लागली.

पाणी सुटलं तसा असा आवाज उठला, की हाक मारून काही उपयोग नव्हता. ते दोघं हाक मारतही नव्हते. नुसते एकमेकांकडे बघत होते. ह्याचा खांदा खाली गेला की त्याचा खाली, ह्याचा वर आला की त्याचा वर. चाळीस फूट लोखंड इंचाइंचानं सरळ वर येत होतं. माझ्या अंगावर काटा आला. कागदावरची ती सगळी ओळख-देख, तो निरोपांचा खेळ... हे दोघं दांडा गेल्यापासून नुसत्या नजरेनं करत आले होते!

वीतभर उचलला असेल, तेवढ्यात दरवाजा कुरकुरला. गणूकाकांचं टोक मागं राहिलं होतं. चाचांनी लगेच हात सोडला.

साकवावरून वळसा घालून गणूकाका आले, डोळ्यांना पंचा लावत. "तय्यब, तू दिसलाच नायस रं मधी. मोतीबिंदू हाय म्हनं... येत्या पावसात माझ्या भरवशावर रहू नको."

चाचांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माझा पन खांदा गेलाय, पोरी. बघ. तुमची डबडी बघू शकतात काय एकमेकाला."

परत येताना जीपमध्ये उझ्मा माझ्या कानाशी लागली. "एकदा हे दरवाज्याचं झालं ना, की दादा चालला दोहाला. दोन वर्षांचा करार आहे. व्हिसा आलाय. अब्बांचं एवढं काम करून जातो म्हणाला, म्हणून थांबलाय."

उझैर पुढं बसून चाचांशी बोलत होता. वाऱ्यानं त्याचे केस उडत होते. मी गवत बघत राहिले. सोनेरी, सोनेरी... मग नुसतंच पुसट.

त्यानंतर मी कामाला लागायची, पण हात आधीसारखे धावेनात. एक आयपाइप नावाची हेडर फाईल तेवढी सापडायची राहिली होती. सगळं धावायचं आणि तिच्यापाशी येऊन थांबायचं. खरं सांगते, थांबलं की आत कुठंतरी बरं वाटायचं.

मग तो मंगळवार आला. उझैर चहा सांगायला गेला होता. उझ्मा दारात मान खाली घालून आकृती काढत होती. मी सहज, काही मनात नसताना, कर्नलचं ठिकाण पडद्यावर मागवलं. आणि मला तो बाण दिसला.

काळ्या पडद्यावर दोन नावांच्या मध्ये एक इवलासा बाण. 'लिनक्स' नावाची ती जागा खरी नव्हतीच. ती नुसती पाटी होती, दुसरीकडे बोट दाखवणारी. उझैरनं वेळ पाळणारा कर्नल तयार केला होता, त्याला पॅच, म्हणजे नव्या कोडचं ठिगळ, लावला होता, सगळं बरोबर केलं होतं. पण ते वेगळ्या फोल्डरमध्ये. पाटी मात्र अजून सीडीवरून आलेल्या जुन्या, कोऱ्या कर्नलकडे बोट दाखवत होती. पॅचबरोबर आलेली फाईल त्या कोऱ्यात कुठून सापडणार?

बाण वळवायला एक ओळ पुरेशी होती. मग कंपाइल होणार. मग दरवाजा. मग दोहा.

मी हात मांडीवर ठेवले.

उझैर चहा घेऊन आला. "काही मिळालं?"

"नाही," मी म्हणाले.

आयुष्यात इतकं लहान आणि इतकं जड काही मी बोलले नव्हते. तो समोर बसला, बशीत चहा ओतून माझ्यापुढं सरकवला. "मिळेल," म्हणाला. "तू आहेस ना." आणि त्याच्या डोळ्यांत इतका भरवसा होता, की मला तिथं बघवेना. मी चहाकडे बघितलं. मला खालची वाडी आठवली, पंचानं डोळे टिपणारे गणूकाका आठवले. भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं झाली होती.

"उझैर," मी म्हणाले, "हा बाण बघ."

त्यानं बघितलं. एकदा, दोनदा. मग खुर्ची मागं पडेल असा उठला. "सुम्बुल! एवढंच? एवढंच होतं?" त्यानं ती ओळ मलाच लिहायला लावली. ओळी सरकू लागल्या, सरकतच राहिल्या, आयपाइपच्या पुढं गेल्या... आणि शेवटी काहीही तक्रार न करता पडदा शांत झाला. मीही हसत होते. हसू खोटं नव्हतं. पण पाचची गाडी धरायला निघाले, तेव्हा रस्ता दिसत नव्हता.

दहा दिवसांनी चाचणी होती. पाटबंधाऱ्याचे साहेब पलीकडच्या काठावर, गणूकाका आणि उझैरबरोबर. अलीकडं मी आणि तय्यबचाचा. दोन्हीकडं पत्र्याची एकेक शेड, आत एकेक कॉम्प्युटर. खोऱ्यात मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून त्याच केबलमधून दोन-चार ओळींचा निरोप पाठवायची सोय उझैरनं करून ठेवली होती.

पडद्यावर उमटलं: तयार?

मी लिहिलं: तयार.

मोटरी गुणगुणल्या. एक क्षण काहीच झालं नाही. मग दरवाज्याखालून पाण्याची एक पांढरी रेघ निघाली. ह्या काठापासून त्या काठापर्यंत अखंड, एकसारखी. रेघेची पट्टी झाली, पट्टीचा पडदा झाला. अख्खं खोरं घुमायला लागलं. पायाखालचा दगड थरथरत होता, फवाऱ्यात इंद्रधनुष्याचा तुकडा लटकला होता. आणि ते चाळीस फूट लोखंड, कुणाचा हात नाही, कुणाची नजर नाही, आडव्या धरलेल्या पट्टीसारखं सरळ वर चढत होतं. श्वास घ्यायचं मी विसरले होते.

तय्यबचाचांनी एक डोळा मिटून अंगठा पुढं धरला, दरवाज्याची कड मापली. बराच वेळ. मग अंगठा खाली आणला आणि हलकेच म्हणाले, "सुभानल्ला."

पलीकडं साहेबांनी उझैरचा हात हातात घेऊन हलवलेला दिसला. मग त्यांची जीप गेली. समोरची शेड फवाऱ्यात धुरकट झाली होती; आत बसलेला उझैर म्हणजे नुसती एक सावली.

आता तो जाणार. मी बोटं कीबोर्डवर ठेवली. मराठी अक्षरं त्या मशिनला ठाऊक नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत, थांबत थांबत लिहिलं –

'त्या मंगळवारी तू चहा घेऊन आलास, त्याच्या आधीच मला बाण दिसला होता. दहा मिनिटं मी गप्प बसले. कारण फाईल सापडली की तू जाणार होतास. ते चुकलं माझं. पण तू मला फार आवडतोस, हे चुकलेलं नाही. थांबशील?'

बटण दाबलं. निरोप गेला. पोचलाही असणार, पापणी पुरती लवायच्या आत.

उत्तर आलं नाही.

एक मिनिट. दोन. समोरची सावली उठली, शेडच्या बाहेर पडली आणि पाठमोरी चालायला लागली. रागावला. का नाही रागावणार? त्याच्या भरवशाशी मी खोटं बोलले होते.

"काय लिवलंस गो?" चाचांनी विचारलं.

"काही नाही, चाचा."

"काय नाय, तर तो पळाला कशाला?"

चाचा माझ्या शेजारी येऊन दगडावर टेकले आणि दरवाज्याकडे बघत बसले. पडदा कोरा होता. पाणी घुमत होतं. आयुष्यात वीस मिनिटं इतकी लांब असू शकतात, मला माहीत नव्हतं.

मग मागच्या पाऊलवाटेवर दगड घरंगळले. मी वळले. उझैर! धापा टाकत, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, शर्टाला कुसळं चिकटलेली. साकवावरून वळसा घालून, पळत आला होता.

तो चाचांकडे बघून थबकला. "अब्बा... जरा..."

चाचा गुडघ्यावर हात ठेवून उठले. "गणू एकटाच हाय तिकडं," ते म्हणाले. "मी बघून येतो त्याला." आणि वीस मिनिटांच्या वाटेला लागले. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेले.

आम्ही दोघं उभे. बोलायला आला होता खरा, पण दम लागून त्याला बोलता येईना.

"उझैर, मी खोटं –"

"माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तू खालचा ओठ चावत नव्हतीस त्या दिवशी. म्हणजे अडली नव्हतीस. काहीतरी सापडलं होतं, आणि तू सांगत नव्हतीस." त्यानं श्वास घेतला. "मी म्हटलं, न सांगो. मलाही नकोच होतं ती फाईल सापडायला."

मला हसू आलं का रडू, सांगता येत नाही. दोन्ही एकदमच आलं असावं.

"मग... उत्तर?"

"थांबतो," तो म्हणाला. "दोहाला उद्या फोन करून सांगतो. अब्बांना तुमच्या घरी कधी पाठवू, ते तू सांग."

"थांबतो," मी म्हणाले, ओढणीनं डोळे पुसत. "एवढा एकच शब्द होता, तर तिथूनच टाइप करायचास. लगेच पोचला असता. वीस मिनिटं माझा जीव –"

"पोचला असता," उझैर म्हणाला. "पण मला तुझा चेहरा दिसला नसता."